लोकलच्या मैत्रिणी, माथेरान आणि घरचं कोणी नाही

चौथीसीट

नमस्कार. थोडी माहिती हवी आहे आणि थोडा धीर.

आम्ही पाचजणी. ओळख लोकलच्या लेडीज डब्यातली, एकोणीस वर्षांची. डोंबिवलीला चढतो. एक दादरला उतरते, दोघी भायखळ्याला, आम्ही दोघी सीएसएमटीपर्यंत. एवढ्या वर्षांत डब्यात दोन डोहाळजेवणं झाली, दर संक्रांतीला हळदीकुंकू होतं. कोणाच्या आईचा मोतीबिंदू, कोणाच्या मुलाची बारावी, सगळं सगळ्यांना पाठ. पण परवा हिशोब केला तर कळलं, एकमेकींच्या घरी आम्ही फार तर दोन-तीनदा गेलोय. जे काय बोलणं ते गाडीत. गोष्ट ऐन रंगात आली की 'उद्या सांगते' म्हणायचं आणि उतरायचं.

आता आमची बँकवाली डिसेंबरात रिटायर होतेय. तिने स्वतःच जाहीर केलं की मला घड्याळ नको, शाल नको, माझ्याबरोबर दोन रात्री कुठेतरी चला. घरचं कोणी नको. माथेरान ठरलं, कारण तेवढंच पाचही घरांना 'जवळ' वाटलं. 'काही लागलं तर दोन तासांत परत येईन' हे वाक्य आम्ही चौघींनी घरी जसंच्या तसं सांगितलंय.

जायचं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी, म्हणजे टॉय ट्रेन, मिळेल का? आमच्यातल्या टीचरचे गुडघे कुरकुरतात, तिला दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, चालवेल का? आणि खरा प्रश्न, घरी काय काय करून ठेवता तुम्ही? मी फ्रीजवर लावायला यादी करायला घेतली, दुसऱ्या पानावर पोचले तेव्हा माझं मलाच हसू आलं. नवरा वाईट नाही हो. त्याने फक्त एवढंच विचारलं, "दोन रात्री तिथे करणार काय?" मला उत्तर देता आलं नाही.

कैरी

यादीतला सतरावा मुद्दा काय आहे ते सांग आधी.

चौथीसीट

"दूध उतू जातं." एवढंच लिहिलंय.

कैरी

मेले हसून. यादी फाडू नकोस, तशीच लाव.

घाटावरची

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळीस पोळ्या लाटून ठेवल्या होत्या. दोन भाज्या, कुकरला लावायचे डाळ-तांदूळ डब्यात मोजून, वर चिठ्ठी: 'पाणी दोन वाट्या'. परत आले तर पोळ्या होत्या तशा. बापलेकांनी दोन्ही दिवस बाहेर खाल्लं आणि मजा केली. पुढचे तीन दिवस मी फोडणीची पोळी खात होते, कारण टाकवेना. तेव्हापासून काही करून ठेवत नाही. फक्त दुधवाला आणि कामवाल्या मावशींना सांगून जाते.

नेरळवाला

नेरळचाच आहे, म्हणून लिहितो. ताई, मंगळवार निवडलात ते फार बरं केलंत. शनिवार-रविवारी दस्तुरीच्या पार्किंगची रांग खाली घाटात उतरते.

छोटी गाडी नेरळपासून वरपर्यंत पावसाळ्यात बंद असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. रुळांची डागडुजी लांबली की सुरू व्हायलाही उशीर होतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. मिळाली तर वर जाताना तीच घ्या. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून ही लाइन झाली, १९०७ मध्ये सुरू झाली. दोन फुटी रूळ, अंतर एकवीसेक किलोमीटर आणि त्याला अडीच तासांच्या वर लागतात. म्हणजे पळत्या माणसाने बसावं अशी ती गाडी नाही. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि मग माथेरान.

नाही मिळाली तर स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी. तिथे नगरपरिषदेचा प्रवेश कर भरायचा. त्यापुढे तुमची-आमची गाडी जात नाही. दस्तुरीला लागूनच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून गावात जायला शटल आहे. शटल हुकली तर चालत पाऊण तास. टीचरबाईंना रुळाच्या कडेकडेची वाट दाखवा, ती त्यातल्या त्यात सपाट आहे. घोड्यांच्या वाटेने नेऊ नका, तिथे धूळ आणि लीद. ई-रिक्षा मिळाली तर उत्तमच. हातरिक्षांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या सहा महिन्यांत बंद करा असं राज्य सरकारला सांगितलंय. माणसाने माणसाला ओढत न्यायचं, मला स्वतःला ते कधी बघवलं नाही.

घोडा करणार असाल तर पैसे आधी ठरवा आणि किती पॉइंट ते मोजून ठरवा. 'सगळे दाखवतो' याला अर्थ नाही. पॉइंट तीसच्या वर आहेत, दोन दिवसांत पाच-सहा झाले तरी पुष्कळ.

आणि तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाबद्दल. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून हा डोंगर चढून गेला, तिथून गावाची सगळी कहाणी सुरू होते. त्याला कोणी विचारलं नसेल वर जाऊन करणार काय म्हणून.

चौथीसीट

नेरळवाला, किती नेमकं लिहिलंत! प्रिंट काढून टीचरला दिली. तिने तपासून एक वेलांटी दुरुस्त केली.

माई७४

वाचते आहे. आमच्या वेळी बायकांची सहल म्हणजे देवदर्शन. आळंदी, देहू, जेजुरी. देवाचं नाव घेतलं की घरचं कोणी अडवत नसे, उलट सासूबाई नारळाला पैसे देत. आमच्या महिला मंडळाने १९८६ साली जेजुरीची बस नेली होती. दर्शन अर्ध्या तासात उरकलं, भंडारा उधळला, मग खाली उतरून उसाचा रस प्यायलो आणि एका झाडाखाली दुपारभर नुसत्या आडव्या पडलो. कोणी बोललंसुद्धा नाही. एक तर चक्क घोरत होती. घरी सांगितलं, रांग फार मोठी होती.

तुझ्या माथेरानला पिसारनाथ आहे, शार्लोट तलावाच्या बाजूला, ग्रामदैवत ते. घरात कुठे कुरकुर झालीच तर त्याचं नाव पुढे कर.

कैरी

माई, 'रांग फार मोठी होती' हे मी आता आयुष्यभर वापरणार.

तिरफळ

मी थोडा वेगळा सूर लावते, हलकं घ्या. घरच्यांशिवाय म्हटलं की लगेच मोकळा श्वास, हे गृहीत का धरायचं? मला नवऱ्या-मुलांबरोबर फिरायला आवडतं. मी गेले होते एकदा मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला. सहाजणी, दोन दिवस. पहिला दिवस सुनांवर गेला, दुसरा सासवांवर. वेण्णा लेकला बोटीत बसूनसुद्धा कोणाच्या तरी जावेने वाटणीत काय केलं हेच चाललं होतं. मी घरीच होते की, फक्त थंडी जास्त.

घाटावरची

तिरफळ, हे अगदी खरं आहे. आम्ही त्यावर उपाय काढला. सासू, सून आणि शुगर, तिन्ही विषय बंद. जी काढेल तिने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या दिवशी एकीने सलग चार चहा पाजले आणि म्हणाली, स्वस्तात पडलं.

भटक्या

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आम्ही चार मित्र दरवर्षी दोन दिवस कुठेतरी जातो. आजवर एकाही घरात 'तिथे करणार काय' असं कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगण्यासारखंही काही नाही.

गेल्या वर्षी बायको मैत्रिणींबरोबर गेली. मी ऐटीत म्हटलं, सूचना नकोत, जमेल मला. स्वयंपाक जमला. डबे जमले. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, मुलीची स्कूलबस कोपऱ्यावर किती वाजता येते हेच मला माहीत नाही. बायकोला फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून शेजारच्या काकांना विचारलं. त्यांनी आत जाऊन काकूंना विचारलं.

सांजवेळ

गुडघ्यांसाठी सांगते. क्रेप बँडेज, काठी आणि लाज न बाळगणं. मला पन्नाशीत काठी घ्यायला फार जड गेलं. शेवटी माथेरानच्या बाजारातच एक घेतली, मूठ कोरलेली. अजून वापरते. बूट मात्र जुने न्या, ती तांबडी माती जात नाही. बॅगेत ओडोमॉस, टॉर्च, प्रत्येकीच्या गोळ्या स्वतंत्र पिशवीत. हातात खाण्याची पिशवी दिसता कामा नये, माकडं चेन उघडतात. आणि कोण घोरतं ते आधीच जाहीर करून टाका, खोल्या त्याप्रमाणे.

चौथीसीट

सगळ्यांचे आभार. उद्या निघतोय. घोरण्याबद्दल गाडीत मतदान घेतलं. सगळ्यांनी दुसरीचं नाव दिलं.

कैरी

चार दिवस झाले. आहात की माकडांनी नेलं?

चौथीसीट

आलो गं. लिहायला आजच वेळ झाला, आल्यापासून मशीन लावतेय. सुटं सुटं लिहिते, जमेल तसं.

सुरुवात स्टेशनापासून. एकोणीस वर्षं आम्ही डोंबिवलीहून मुंबईकडे जातोय, त्या दिवशी पहिल्यांदा पाचजणी मिळून उलट्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर. सकाळी साडेदहाची वेळ, कर्जत लोकल आली. आणि आली म्हणताच काय झालं ते सांगते. बँकवालीने पदर खोचला, टीचरने कोपर बाहेर काढलं आणि गाडी थांबायच्या आत आम्ही आत. गुडघेदुखी वगैरे सगळं विसरून! आत एक मावशी रिकाम्या टोपलीला टेकून झोपलेल्या, बाकी डबा मोकळा. तरीही आम्ही एका सीटवर चौघी दाटीवाटीने बसलो, चौथी मी, नावाप्रमाणे अर्धी बाहेर. पाचवी, आमची धाकटी, हँडल धरून उभी. बदलापूर गेलं, वांगणी गेलं. मग धाकटी म्हणाली, "अगं, मी उभी का आहे?"

शेलू येईपर्यंत हसत होतो. त्या मावशी जाग्या झाल्या आणि आमच्याकडे बघून पुन्हा झोपल्या.

छोटी गाडी काही मिळाली नाही, टॅक्सीने दस्तुरी गाठलं. पुढे शटल मिळाली. टीचरला खिडकी दिली, तिने नाक काचेला लावलं ते काढलंच नाही. मुलांना सहलीला नेणं म्हणजे डोकी मोजणं, असं ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत खिडकीबाहेर बघायला मिळालं नाही म्हणे.

हॉटेलचे पैसे जेवणासकट भरले होते. ते सगळ्यांना माहीत होतं. तरी खोलीवर बॅगा उघडल्या तर प्रत्येकीने पाचजणींना पुरेल एवढं आणलेलं. माझे तिखट-मिठाचे पराठे, बँकवालीची चिवड्याची बरणी, टीचरचे डिंकाचे लाडू, धाकटीचा ढोकळा आणि लायब्ररीवालीची शेंगदाण्याची चटणी भाकऱ्यांसकट. दोन पलंगांमधल्या टेबलावर ती रास बघून कोणी काही बोललं नाही. मग बँकवाली हळूच म्हणाली, "घरी तरी काय ठेवलंयत?"

लाडू माकडांनी नेले. सांजवेळ, तुझा शब्द न् शब्द खरा. लुईझा पॉइंटच्या वाटेवर आम्ही पिशवी साडीच्या पदराखाली झाकली होती. माकडाने आधी पदर बाजूला केला, अगदी सभ्यपणे, मग पिशवी घेतली.

भटक्या

सभ्य माकड! पुढचं लवकर.

चौथीसीट

खोल्या दोन घेतल्या होत्या, झोपलो पाचही एकीत. खाली गाद्या टाकून. गाऊनमध्ये आम्ही एकमेकींना प्रथमच बघत होतो, त्याचीच पहिली दहा मिनिटं गंमत. बँकवाली गाडीत नेहमी कडक इस्त्रीच्या साडीत. तिच्या गाऊनवर मांजराची पिल्लं.

रात्री उशिरापर्यंत गप्पा. एकोणीस वर्षांतल्या तुटलेल्या गोष्टी आम्ही पुऱ्या केल्या. म्हणजे खरंच, धाकटी विचारत होती, "ते तुझ्या मामेबहिणीचं पुढे काय झालं? तू दादर आलं म्हणून उठलीस." साल आठवेना, पण गोष्ट कुठे तुटली होती ते तिला पक्कं आठवत होतं.

आता पहाटेचं. पावणेपाचला माझे डोळे उघडले. गजर लावला नव्हता, सवय. मी हलले नाही. म्हटलं, बाकीच्या झोपल्यात, जन्मात एकदा मिळतेय अशी झोप, मोडायला नको. पांघरुणाचा आवाज होईल म्हणून कूसही बदलली नाही. छताचा पंखा अंधारात हळूहळू दिसायला लागला, त्याची पाती मोजली. बाहेर कुठेतरी घोड्याच्या गळ्यातली घुंगरं वाजली. असा चांगला पाऊण तास गेला असेल. मग अंधारातून टीचरचा दबका आवाज आला, "कोणी जागं आहे का?"

चारी बाजूंनी "हो" आलं.

पाचही जणी पावणेपाचपासून श्वास रोखून पडलो होतो. लायब्ररीवालीला तर बाथरूमला जायचं होतं.

मग उठलोच. शाली घेतल्या, टॉर्च घेतले आणि बाजारापासून जवळ पडतो म्हणून खंडाळा पॉइंटला गेलो. चहाच्या टपऱ्या बंद. दरीत खाली सगळं पांढरं, गावंच्या गावं ढगाखाली गेलेली. आम्ही कट्ट्यावर बसलो, बसलो म्हणजे बसलोच. टीचर म्हणाली, आत्ता आपली गाडी यायची वेळ. सगळ्यांनी घड्याळं बघितली. कोणी उठलं नाही.

घाटावरची

'कोणी जागं आहे का' वाचून डोळ्यात पाणी आलं आणि हसूही. आमच्याकडे हेच. फक्त आमची एक उठून सगळ्यांचा चहा करायला निघाली होती, हॉटेलच्या किचनमध्ये.

तिरफळ

माझा सूर अजून वेगळाच आहे, पण लिहीत राहा. सासवा आल्या का मध्ये?

चौथीसीट

आल्या. पहिल्या संध्याकाळी. पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्य प्रबळगडामागे जाताना धाकटीने सुरुवात केली, तिच्या सासूबाईंना तिने इथे येणं पसंत नव्हतं. घाटावरचीचा चहाचा नियम मी लगेच सांगितला. पण ती रडायला लागली तेव्हा नियम बारगळला. काही विषय असे चहावर मिटत नाहीत. तिचं ऐकून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी त्याच सासूबाईंचा फोन आला की मुलगा जेवला, अभ्यास झाला, तू मध बघ चांगला मिळाला तर. धाकटीने दोन बाटल्या घेतल्या आणि वर चिक्की. आम्ही कोणी काही बोललो नाही. बोललो असतो तर चहा पडला असता.

पैशांचं कोणी विचारेल म्हणून. माणशी सारखे काढले, एका पाकिटात टाकले, पाकीट बँकवालीकडे. तिने वहीत तारीखवार जमा-नावे लिहिलं, अगदी घोड्याच्या गाजरासकट. वाद एकच झाला. टीचरला घोडा करावा लागला, तिचं म्हणणं त्याचे पैसे माझे मी देणार, बाकी कोणी बसलं नाही. आम्ही म्हटलं पाकिटातून. ती हटून बसली, घोडेवाला दादा कंटाळला. शेवटी बँकवालीने निकाल दिला की घोडा टीचरच्या गुडघ्यांनी केलाय, गुडघे या ग्रुपचे आहेत. विषय संपला.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. लिहितेच.

पहिल्या रात्री आठच्या सुमाराला आमच्या चौघींचे फोन वाजले. एकापाठोपाठ एक. व्हरांड्याच्या चार टोकांना चौघी गेलो. मिक्सरचं भांडं कुठंय, गोळी कुठली, पाण्याची मोटर, उद्याचा युनिफॉर्म. मी वळून बघितलं तर मध्ये टेबलावर लायब्ररीवाली एकटी. पाच ताटं वाढलेली, ती एकेका ताटावर दुसरं ताट पालथं घालत होती, निवायला नको म्हणून. तिचं लग्न झालेलं नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेली. खोल्या तिनेच बुक केल्या, नेरळवाल्यांची प्रिंटही तीच घेऊन फिरत होती. आणि आम्ही महिनाभर गाडीत 'घरचं कोणी नको, घरचं कोणी नको' म्हणून घोषणा देत होतो. तिच्या कानांना ते कसं लागलं असेल, हे मला त्या ताटांकडे बघेपर्यंत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री तीच वेळ, तेच चार कोपरे. बँकवालीने घरचा फोन लवकर उरकला आणि तिथूनच लायब्ररीवालीला लावला. दोघींमध्ये दहा पावलं. "जेवलीस का गं? गॅस बंद केलास ना?" इकडून उत्तर, "केला. पण मोटर चालू राहिली, टाकी वाहतेय, तू आल्याशिवाय काही होत नाही इथे." दोघी पाच मिनिटं बोलत होत्या, फोनवर.

एकटीदुकटी

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. तुमच्या लायब्ररीवालीच्या जागेवर मी असते, माझ्या ग्रुपमध्ये.

फोन येत नाही याचं दुःख नसतं हो. सवय असते, कधी कधी चैनही असते. त्रास होतो तो तुम्ही फोन संपवून परत येताना जो चेहरा करता त्याचा. अपराधी, जरा जास्तच प्रेमळ. त्यापेक्षा नेहमीसारखं म्हणा की सरक जरा. आणि खरी तक्रार वेगळी आहे. सहलीला सगळ्यात आधी 'हो' मी म्हणते, म्हणून तारीख कधीच माझ्या सोयीने ठरत नाही. कोणाची परीक्षा, कोणाचं श्राद्ध, कोणाच्या नणंदेचं येणं. तुला काय, तू कधीही येशील. मला पण असतात कामं. माझ्या ऑफिसात मार्चएंड आहे, माझी दाताची अपॉइंटमेंट आहे, मला एखादा रविवार नुसता घरी हवा असतो.

बँकवालीचा फोन मात्र मला आवडला. त्यात कीव नव्हती.

चौथीसीट

एकटीदुकटी, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तारखेचं अगदी तसंच झालं होतं. तिला आम्ही तारीख कळवली, विचारली नव्हती. आज गाडीत सांगते.

भटक्या

चेहऱ्याचं मला पण लागू आहे. आमच्या चौघांत एक आहे तसा.

माई७४

पिसारनाथाला गेलात की नाही ते राहिलंच.

चौथीसीट

गेलो माई. शेवटच्या सकाळी, तलावावरून. देवळात आम्ही पाच आणि पुजारी. पाणी अगदी स्वच्छ, हेच गाव पितं म्हणून काठावर पाटी होती. तिथे टीचरने हात जोडून मोठ्याने म्हटलं, "रांग फार मोठी आहे रे देवा," आणि पुढचा अर्धा तास आम्ही तुमच्या नावाने पायऱ्यांवर बसून राहिलो.

कैरी

आणि नवरा? यादी? मला झोप येत नाहीये त्या यादीपायी.

चौथीसीट

यादी फ्रीजवर होती तशीच. प्रत्येक मुद्द्यापुढे लाल पेनने टिकमार्क. सतराव्यापुढे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोनदा'.

त्याने विचारलं, काय केलंत? म्हटलं, बसलो होतो. म्हणाला, ते कळलं, पण केलंत काय? मग मी लोकलची गोष्ट सांगितली, धाकटी उभी राहिली होती ती. तो हसला नाही, म्हणाला, "मग बसायचं ना." मी पोळ्या टाकायला घेतल्या.

सांजवेळ

बूट?

चौथीसीट

अगं तेच विचारायला आले होते. धाकटीने ऐकलं नाही, मुलाचे पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आली. आता विटकरी झालेत. साबण झाला, टूथपेस्ट झाली, लिंबू झालं. सोमवारी त्याची पीटी आहे.

नेरळवाला

जांभ्याची माती आहे ती ताई, लोहाचा रंग. आधी पूर्ण वाळू द्या, मग कोरडा ब्रश मारा. ओल्यावर घासलं की आत बसते. नंतर लिंबू-मीठ लावून उन्हात. थोडी राहीलच.

चौथीसीट

ओल्यावरच घासलंय तिने. कळवते. तोवर तिने खडू मागितलाय टीचरकडे, पांढरा.